बावन्न नंबरची तुरुमती

"हाऽऽ हूऽऽ! उठ रे चोरा, उठ! माह्या पोटावर नोको बसू, उठ!"

माळ्यावर उभी राहून माय हाक टाकायची तेव्हा तिचा आवाज ज्वारीच्या शेंड्याशेंड्यांवरून धावत जायचा, जाम नदीच्या पलीकडच्या थडीला आपटायचा आणि दमून परत यायचा. सावरगावच्या रघुनाथरावांची सोळा एकर ज्वारी, मधोमध चार बल्ल्यांवर बांधलेला माळा, माळ्यावर गोफण घेतलेली पंचफुला आणि माळ्याच्या सावलीत तिचा सहा-सात वर्षांचा मोतीराम. हाका टाकून टाकून मायचा गळा बसायचा. पाखरांना त्याचे काय? या धुऱ्यावरून उठली की पलीकडच्या बांधावर उतरायची. मग ऊन कलताना कधीतरी बाभळीच्या शेंड्यावर पारव्याएवढे एक पाखरू येऊन बसायचे. विटकरी डोके, राखी पाठ, पोटावर सुईने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा. ते काही करायचे नाही, नुसते बसायचे. आणि सोळा एकरांवर एक चिमणी उतरायची नाही.

मायचा बसलेला गळा तेव्हा हलकेच गाण्यावर यायचा.

तुरुमती माहे बाई, बस धुऱ्याच्या बाभळी,
तुह्या धाकानं राहू दे माही ज्वारी सगळी.

पन्नास वर्षांपलीकडचा तो आवाज. आज चैताच्या उन्हात, टॉवरच्या पायाशी हेल्मेट काखेत धरून उभ्या असलेल्या लाईनमन मोतीरामला तो कुठून ऐकू आला, त्याचे त्यालाच कळले नाही.

"मोतीरामजी, मी तुमच्याशी बोलून राहिलो," वीज कंपनीचे केतनसाहेब म्हणाले.

"आयकून राहिलो साहेब."

"मग हे काय आहे?" साहेबांनी रजिस्टर त्याच्यापुढे धरले. "बावन्न नंबर, साफ. खाली सही तुमची. आणि आता वर पाहा."

वर पाहायची मोतीरामला गरज नव्हती. पांढुर्ण्याहून तिगावकडे जाताना विजेची मोठी लाईन रेल्वे ओलांडते. तिथे तारा उंच न्याव्या लागतात म्हणून खांबाऐवजी लोखंडी टॉवर. बावन्न नंबरचा टॉवर मोतीरामच्या अंगणापासून शंभर पावलांवर होता. त्याच्या वरच्या आडव्या हाताच्या बेचक्यात कावळ्याने सोडून दिलेला खोपा. इकडचा कावळा काड्यांवर भागवत नाही. संत्र्याच्या लगडलेल्या फांद्यांना टेकू देऊन जी तार बांधतात, तिचे तुकडे तो वेचून आणतो आणि घरात विणतो. असा एखादा तुकडा सुटून लोंबकळला, वाऱ्याने तारेला लागला, की अर्ध्या गावाची वीज जाते. म्हणून संक्रांत झाली की यादी निघायची : उन्हाळ्याचा भार यायच्या आत जुने खोपे काढा.

या जानेवारीत मोतीराम काठी घेऊन बावन्नवर चढला होता. पस्तीस वर्षांत त्याने खोपे किती काढले असतील, त्याला गणती नव्हती. पण त्या दिवशी खोप्याच्या काठावर ती बसली होती. विटकरी डोक्याची. नर वरच्या टोकावर. तुरुमती स्वतः घर बांधत नाही, कावळ्याच्या टाकलेल्या घरात संसार थाटते, हे मायनेच त्याला सांगितले होते. खोप्यात तेव्हा अंडे नव्हते. काठीचा एक झटका पुरला असता, दोघे उडून दुसरे घर पाहायला गेले असते. मोतीराम काठी तशीच घेऊन उतरला, आणि रजिस्टरमध्ये लिहिले, 'साफ'.

पस्तीस वर्षांतली पहिली खोटी नोंद.

"परवाच्या वादळात तीनदा ट्रिप झाली लाईन," साहेब सांगत होते. "दोन दिवस पाण्याचा पंप बंद. काल ऑफिसात बायका घागरी घेऊन बसल्या होत्या, पाहिलं ना तुम्ही?"

"पायलं साहेब. फक्त दहा दिवस द्या. पिल्लाइले पंख फुटून राहिले. दहा दिवसांत उडतात ते. मंग मी स्वता काढतो."

"अन् दहा दिवसांत पुन्हा वादळ आलं तर?"



केतनसाहेब सौंसरचेच, वय एकतीस. माणूस वाईट नव्हता. त्याने रजिस्टर मिटले, आवाज उतरवला. "तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे. दोन महिन्यांत रिटायर होऊन राहिले. ही 'साफ' मी पाहिलीच नाही, असं समजा. पण मंगळवारी आठ ते बारा लाईन बंद घेतो. खोपा उतरला पाहिजे. तुम्हाला जमत नसेल तर ठेकेदाराची पोरं पाठवतो, बांबूनं पाडतील."

बाजूला पुंडलिकराव लाईनमन दोरखंड गुंडाळत होता. साहेबांची गाडी गेल्यावर म्हणाला, "अबे मोत्या, रिटायर व्हाच्या टायमाले पाखराचा बाप झाला का बे तू?"

"पुंडलिक, मजाक नोको करू."

"मजाक कुठं? पोराइच्या बांबूपेक्षा तुहा हात बरा, येवढंच म्हणून राहिलो."

मोतीरामने दोन दिवस हातपाय मारले. वनखात्यात ओळखीचा एक गार्ड होता, त्याला फोन केला. तो म्हणाला, अर्ज द्या, साहेब सुटीवर आहेत, पुढच्या सोमवारी बघू. मंगळवार त्याच्या सहा दिवस आधी होता.

घरी मायला यातले काही माहीत नव्हते.

पंचफुलाचे डोळे काचबिंदूने जाऊन सात वर्षे झाली होती. अंगणात कडुलिंबाखाली तिची बाज असायची, आणि बाजेवरून ती टॉवर ऐकायची. डोळसांना जे दिसत नव्हते ते तिला ऐकू यायचे.

"नर आला पाय," ती म्हणायची. "पातळ आवाज त्याचा. तोंडात काई तरी हाय, म्हणून बसका निघून राहिला. आता ती जाईन सामोरं, त्याच्या तोंडातून घेईन. तो खोप्यात नाई देत. घरातलं चारनं-भरवनं तिचं."

मोतीराम वर पाहायचा, तर तसेच होत असायचे. नर पलीकडच्या खांबावर उतरायचा, मादी जाऊन घास घ्यायची. ती त्याच्याहून मोठी. तिचे नाव तुरुमती, नराचे चेटवा; पाखरे धरणाऱ्या एका म्हाताऱ्याने माळ्याखाली बसून मायला ही नावे दिली होती. मार्च संपता संपता एका सकाळी पंचफुलाने हात वर केला आणि सगळ्यांना गप्प केले. "निघाले," म्हणाली. कोणाला काही ऐकू आले नव्हते. दुसऱ्या दिवशी मोतीरामने टॉवरखाली जाऊन पाहिले, तेव्हा अंड्याच्या कवचाचा तांबूस तुकडा सापडला.

टॉवरखाली रोज पिसे पडायची. दोघे जोडीने शिकार करायचे. एकाने हुसकायचे, दुसऱ्याने आडवे जायचे. पिसे काढून घास घरी न्यायचा. मोतीराम ड्युटीवरून येताना एखादे पीस उचलायचा आणि मायच्या उघड्या तळहातावर ठेवायचा.

"चंडोल," ती बोटांनी चाचपून सांगायची. "हे चिमनी. अन् हे रे? हे तं पीसच नाई, कातडं हाय."

"पाकोळी हाय माय, बारकं वाघूळ. अंधार पडता पडता धरली असन."

"पाकोळी! बापा, हुशार हाय लेकाचा."

इंदू, मोतीरामची बायको, भाकरी थापता थापता आतून टोमणा मारायची. "सुनेनं दहादा आवाज देल्ला तं आत्याबाईले आयकू येत नाई, अन् टॉवरवरच्या पिल्लाचा बरा येते!"

"तू कुठं उडून जानार हायस व?" म्हातारी म्हणायची. "त्याइले दिवस थोडे हायत."

जयंतीच्या दिवशी, चौदा एप्रिलला, टॉवरशेजारच्या रस्त्यावरून मिरवणूक निघाली. निळे झेंडे, डीजे, पोरे नाचत होती. पंचफुला सकाळी पांढरे पातळ नेसून बुद्धवंदनेला बसली आणि दुपारी पोराला म्हणाली, "मोती, आवाज वाढला तं पिल्लं भेतीन. टॉवरपाशी जरा कमी कराले सांगतं का?" मोतीराम गेला आणि मंडळाच्या पोरांना सांगून आला. पोरे हसली, पण टॉवरपाशी आल्यावर त्यांनी खरेच डीजे बंद केला, नुसती लेझीम खेळत पुढे गेली. म्हातारीने ते बाजेवरून ऐकले आणि लहान पोरीसारखी टाळी वाजवली.

अशा मायला कसे सांगायचे?

"सांगू नोका," असे इंदू म्हणाली नाही. ती म्हणाली, "आजच सांगून टाका. मागून सांगसान तं जास्त लागन त्याइले."

"कोन्त्या तोंडानं सांगू? माह्याच हातानं काढाचं हाय म्हणून?"

"मंग?"

"तिले दोन दिवस करुणाकडे धाडतो."

करुणा ही त्याची बहीण, सौंसरला असते. सोमवारी मोतीराम मायला बसने तिच्याकडे घेऊन गेला. म्हातारी जायला तयार नव्हती. "पिल्लं उडाचा टाईम अन् मले गावाले धाडून राहिला?" बसमध्येही तेच. सौंसर जवळ आले तेव्हा तिने विचारले, "मी येतपावेतो नाई उडनार ना रे?"

"नाई उडनार माय," मोतीराम म्हणाला. ते तरी खरे होते.

मंगळवारी आठ वाजता लाईन बंद झाल्याचा कागद आला. पुंडलिकरावाने तारांना साखळी टाकून अर्थिंग दिले, दोनदा तपासले. मोतीरामने पट्टा बांधला, कमरेला दोरी, दोरीच्या टोकाला संत्र्याचा प्लास्टिकचा क्रेट. क्रेटमध्ये इंदूच्या जुन्या लुगड्याची घडी. त्याने मनाशी ठरवले होते : तिघांना क्रेटमध्ये घ्यायचे, उतरायचे, क्रेट अंगणातल्या लिंबाच्या वरच्या फांदीला बांधायचा. टॉवरपासून लिंब शंभर पावले. पिल्ले ओरडतील, आई ऐकेल, येईल. दहाच दिवसांचा प्रश्न होता.

अर्ध्यावर असतानाच नराने पहिली झेप घेतली. हेल्मेटवरून वारा कापत गेल्यासारखा आवाज. मग मादी. 'की-की-की-की', कानात सुया घातल्यासारखा. मोतीराम मान खाली घालून चढत राहिला. "मार, मार," तो पुटपुटत होता, "तुहा हक्क हाय."

खोप्यात तीन पिल्ले होती. अंगावर अर्धा कापूस, अर्धी पिसे, डोक्यावर विटकरी रंग नुकता धरलेला. त्याचा हात आत जाताच तिघे पाठीवर पडले आणि पिवळे पंजे वर करून लढायला लागले. त्याने मधले धरले. धरले, उचलले, पण ते येईना. पायात तार होती. कावळ्याने विणलेली, संत्र्याच्या टेकूची तार. पिल्लू वाढत गेले तसा फास मांडीत रुतत गेलेला. मोतीरामने एका हाताने तार उकलायचा प्रयत्न केला. पिल्लू फडफडले, तार ओढली गेली, आणि अख्खा खोपा तारेबरोबर बेचक्यातून सुटला.

"मोत्या!" खालून पुंडलिकराव ओरडला.

उरलेली दोन्ही पिल्ले खोप्याबरोबर गेली. एकाने अर्ध्यात पंख उघडले होते, हे मोतीरामने स्पष्ट पाहिले. पंख उघडले होते. फक्त ते पुरे पंख नव्हते. खाली रुळाशेजारची खडी.

एक त्याच्या हातात राहिले, खोप्यातून निसटलेल्या तारेचा फास पायात घेऊन.

मोतीराम उतरेपर्यंत पुंडलिकराव खडीवर पोहोचला होता. त्याने ती दोन रुमालात गुंडाळली, आणि नेहमी मजाक करणारा तो माणूस टॉवरच्या पायाशी बसून हाताने माती उकरू लागला. मोतीरामने पकडीने फास कापला, जखमेवर हळद लावली, पिल्लू क्रेटमध्ये ठेवले, क्रेट लिंबावर बांधला, आणि दूर जाऊन ओसरीत बसला. बारा वाजता लाईन सुरू झाली. गावात नळ आले. पलीकडच्या आळीतल्या बायकांचा पाण्यावरचा गलका वाऱ्यावर ऐकू येत होता.

दुपारी नर आला. तोंडात चंडोल. टॉवरच्या टोकावर बसून त्याने हाक दिली. मादी आली, घास घेतला आणि रिकाम्या बेचक्यापाशी गेली. उडाली. फिरून आली. दोघांनी टॉवरला किती घिरट्या घातल्या असतील! शंभर पावलांवर, लिंबावरच्या क्रेटमध्ये, त्यांचे लेकरू होते. त्याने एकदा ओरडायला हवे होते. एकच हाक. मोतीराम ओसरीतून मनातल्या मनात विनवत होता, ओरड रे, ओरड. शेवटी त्याने शिडी लावली, चढला आणि पिल्लू हातात घेऊन टॉवरकडे उंच धरले. ते चोच उघडत होते. आतली गुलाबी जीभ दिसत होती. आवाज येत नव्हता.

दिवेलागणीला ते त्याच्या हातात गार झाले.

बुधवारी पंचफुला परतली. करुणाने अजून दोन दिवस राहा म्हटले, तर म्हातारीने जेवण सोडले होते. बाजेवर टेकते न टेकते तोच तिने कान वर केले. बराच वेळ ऐकले.

"पिल्लाइचा आवाज नाई येत रे?"

इंदूने चुलीपुढून मोतीरामकडे पाहिले. मोतीराम हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट करत होता.

"उडाले माय," तो म्हणाला. "काल सकाळीच उडाले. तिघंही."

"तिघंही?"

"हो."

"बरं झालं," पंचफुला म्हणाली. आणि बाजेवर आडवी झाली.

त्या संध्याकाळी नर आला, टॉवरवर बसून ओरडला. दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशी. मादी दिसेनाशी झाली होती, पण तो यायचा, तोंडात काहीतरी घेऊन यायचा, हाक द्यायचा, थांबायचा, पुन्हा हाक द्यायचा. मग घास तिथेच आडव्या लोखंडावर ठेवून निघून जायचा. टॉवरवर तीन-चार वाळकी पाखरे जमली. मोतीराम त्या वाटेने जायचे टाळू लागला. संध्याकाळी ड्युटीवरून येताना रेल्वेच्या पलीकडून, लांबचा फेरा घेऊन यायचा.

माय पिसे मागत नव्हती. तिचा तळहात मांडीवर उपडा असायचा.

"त्याइले सगळं कळून राहिलं," इंदू म्हणाली. "माह्यासंग बोलत नाईत, भाकर अर्धी टाकतात."

"काय कळून राहिलं? डोळे नाईत तिले."

"तुमाले हायत," इंदू म्हणाली. "त्याचं काय झालं?"

रविवारी संध्याकाळी मोतीराम अंगणात हातपाय धूत होता. नर आला. 'की-की-की-की'. थांबला. पुन्हा.

"मोती," पंचफुला म्हणाली, "इकडे बस."

तो ओल्या हातांनी बाजेच्या कडेला टेकला.

"सावरगावची थे तुरुमती याद हाय का तुले? रघुनाथरावच्या बाभळीवरची."

"हाय ना. एका साली मधातच येनं थांबलं तिचं. तू म्हणे, माहेरी गेली. मी तीन साल वाट पायली तिची."

"माहेरी नव्हती गेली रे."

 रुळावरून मालगाडी गेली. नागपूरकडे जाणारी, लांबलचक. तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत म्हातारी थांबली.

"सकाळपासून पाखरं उठत नव्हते. रघुनाथराव धुऱ्यावरून बोलून गेला होता, उद्या दुसरी बाई लावतो म्हणून. मीनं गोफण भरली अन् थव्यावर गोटा सोडला. तेवढ्यात ती मधात आली, थव्यावरच झेप घेतली होती तिनं. माह्यासाठी राखून राहिली होती ना ती ज्वारी. बाभळीखाली पडली. तू माळ्याखाली झोपला होतास. मीनं धुऱ्यात पुरली तिले. अन् तू उठल्यावर म्हटलं, गेली माहेरी. तुह्या बापालेई नाई सांगतलं. कोनालेच नाई."

मोतीरामने मायच्या चेहऱ्याकडे पाहिले. पन्नास वर्षे तिने ते गाणे पुन्हा म्हटले नव्हते, हे त्याच्या आत्ता ध्यानात आले.

"तिचा नर पाच दिवस आला बाभळीवर," पंचफुला म्हणाली. "तोंडात चिमनी धरून. कोनाले देऊ, कोनाले देऊ, असा. उडालेल्या लेकराचा बाप असा नाई ओरडत, मोती. तो लेकराइच्या मांगं जाते, दूर. हा आवाज मी आयकलेला हाय. बुधवारीच ओयखला मीनं."

  मांडीवरचा हात तिने फक्त उलटा केला. रोज पीस ठेवायला करायची तसा, तळवा वर.

टॉवरवर नराने घास ठेवला आणि तो तिगावच्या बाजूला, काळोख धरू लागलेल्या संत्र्याच्या बागांवरून उडून गेला. मोतीरामने आपला ओला हात मायच्या तळहातावर ठेवला. त्या हातात काहीच नव्हते.

"तीन होते, माय," तो म्हणाला. "दोन पडले. तिसरं माह्या हातात होतं, संध्याकाळपावेतो जितं होतं. चोच उघडे... पन आवाज नाई निघे."